श्वास कुठे आहे?

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलताना कंबर धरली आणि महिनाभर आम्हाला खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागली. कपाळ जमिनीला टेकत नाही, याची खंत दुखण्याहून मोठी होती. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. बाळ रांगते तसे हात-गुडघ्यांवर यायला सांगून त्या म्हणाल्या, "उजवा हात पुढे, डावा पाय मागे. सरळ धरून थांबा." पाच सेकंदांत चेहरा लाल, मान ताठ, अंग थरथरू लागले. बरगड्यांवर हात ठेवून त्यांनी विचारले, "मॅडम, श्वास कुठे आहे?"

श्वास आम्ही कोंडला होता. तोल सांभाळायचा म्हटले की बहुतेक जण तेच करतात.

पोट म्हणजे चारी बाजूंनी स्नायूंनी बंद केलेली खोली समजा. श्वासपटल हे छत आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ही जमीन. पुढून व बाजूंनी पट्ट्यासारखा गुंडाळलेला एक खोल स्नायू, मागे मणक्याला धरून असलेले लहान स्नायू. श्वास घेतला की छत खाली येते, पोट फुगते, जमीनही किंचित खाली जाते. सावकाश सोडला की दोन्ही वर येतात आणि पट्टा आवळतो. म्हणून हात-पाय उचलायचे ते श्वास सोडताना. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या संशोधकांनी दाखवले की निरोगी माणसात हात हलण्याच्या आधीच हा पट्टा आवळू लागतो; कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो.

श्वास कोंडूनही पाठ घट्ट होते, नाही असे नाही. फार जड वजन उचलणारे पैलवान क्षणभर तसे करतात. पण आपल्या साध्या व्यायामात त्याची गरज नाही. कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब चढतो, आणि सगळा दाब त्या जमिनीवर येतो. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना ज्यांना लघवीचा थेंब आवरत नाही, ज्यांना पुन्हा पुन्हा वजू करावा लागतो, त्या बहिणींनी हे विशेष लक्षात घ्यावे. लाजेने गप्प राहू नये. लेडी डॉक्टरांना दाखवावे. यावर उपाय आहेत.

नमाजीला व्यायाम म्हणून मिरवणारे मेसेज मोबाइलवर येतात, ते आम्हाला पटत नाहीत. नमाज इबादत आहे. पण इबादतीसाठी कंबर लागतेच.

बाईंनी दिलेली युक्ती शाळेतलीच निघाली: आकडे मोठ्याने म्हणा. आवाज निघतोय म्हणजे श्वास सुटतोय. आता सकाळी चटईवर आम्ही मोजतो आणि पलंगावरून अम्मी लक्ष ठेवतात. आवाज थांबला की लगेच हटकतात, "सांस लो, बेटा!" सध्या आठपर्यंत मजल गेली आहे. कंबर दुखू लागली तर तिथेच थांबतो. खुर्ची अजून मुसल्याजवळच आहे. रमजानपर्यंत ती स्वयंपाकघरात परत जाईल, इन्शाअल्लाह.