एकट्याची खोली आणि पाहुण्यांचें गाणें

गेल्या पावसाळ्यांत एक पालक मजकडे तक्रार घेऊन आले. त्यांचा मुलगा शाळेंतून घरीं येतांच दार लावून घेतो आणि उसनी आणलेली गिटार व मोबाईल घेऊन रात्रीपर्यंत खटपट करीत बसतो. "गुरुजी, पोरगा माणसांतून उठला," असें ते म्हणाले. मीं मान डोलाविली. ती घाई झाली, असें आतां वाटतें.

पुढें त्या मुलानें मला आपलें आवडतें संगीत ऐकविलें. त्यास 'प्रोग्रेसिव्ह मेटल' म्हणतात. विजेच्या गिटारीचा स्वर मुद्दाम फाटका व जड केलेला, गाणीं लांब, आणि मात्रांचा हिशोब मोठा चमत्कारिक; सातांचें आवर्तन चाललें असतां मध्येंच पांचांचें सुरू होतें. ज्यांनीं रूपक व झपताल हातावर मोजले आहेत, त्यांस यांतील मौज लवकर कळेल. गोंगाट मात्र सोसावा लागतो.

या संगीताचा एक एकांडा कर्ता आपल्याच देशांतला आहे. दिल्लीच्या केशव धर यानें घरच्या घरीं संगणकावर ध्वनिमुद्रण करून 'स्कायहार्बर' या नांवानें रचना केल्या. त्यांचा पहिला संग्रह इंग्लंडच्या बेसिक रेकॉर्ड्सनें २०१२ सालीं दोन तबकड्यांत काढला. कर्ता एकटा म्हणावा, तर माणसें किती! पहिल्या तबकडीवर इंग्लंडचा डॅनियल टॉम्पकिन्स गातो. दुसरीवर मुंबईच्या 'भयानक मौत' या मंडळींतला सुनीथ रेवणकर गर्जतो (ही तबकडी मला शेवटपर्यंत ऐकवली नाहीं, हें कबूल करितों). ड्रम अमेरिकेच्या अनुप शास्त्रीचे. आणि दोन रचनांत जपानवासी झालेला नामांकित गिटारवादक मार्टी फ्रीडमन पाहुणा म्हणून येऊन जातो.

विद्यार्थी मित्रहो, या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. केशव धर स्वतः गिटारवादक. ती जागा त्याला स्वतःच भरतां आली असती. ती त्यानें दुसऱ्यासाठीं मोकळी ठेविली. आपल्या तालुक्यांतील बोहाडा आठवा. सोंगें एकामागून एक येतात व जातात, संबळ मात्र रात्रभर वाजत असतो. आणि कोणत्या सोंगाला कोणती चाल द्यावयाची, हें त्या संबळवाल्याला ठाऊक असावें लागतें. हॉलंडचा आर्येन लुकासेन १९९५ पासून 'एरियन' या नांवाखालीं असेंच करीत आला आहे. त्याच्या २००४ सालच्या एका संगीतकथेंत बेशुद्ध पडलेल्या माणसाचें भय, क्रोध, अभिमान यांना निरनिराळे गायक आहेत. सारे मिळून अकरा.

कांहीं वर्षांपूर्वीं संमेलनाच्या वाद्यवृंदांतून मीं एका मुलास वगळलें. तो सरावांत मध्येंच थांबून "असें नको, असें" म्हणे. शिस्तीसाठीं तें योग्यच, असें मी पुष्कळ दिवस समजत होतों. त्याची स्वतःची एखादी चाल आहे काय, हें मीं विचारलेंच नाहीं. त्यानें पेटी सोडली ती सोडलीच.

अशा छंदानें पोट भरेल, असें मी पालकांस सांगत नाहीं, आणि गणिताचा अभ्यास बुडवावा असें तर मुळींच नाहीं. परंतु बंद दाराआड बसलेला मुलगा माणसांना विटलाच आहे, हा समज खरा नव्हे. केशव धर याच्या खोलींतून पुढें एक मंडळीच उभी राहिली. टॉम्पकिन्स तींत सामील झाला, मुंबईचे देवेश दयाल व निखिल रुफस राज आले, २०१४ सालीं दुसरा संग्रह निघाला. २०१५ सालीं टॉम्पकिन्स निघून गेला, तरी २०१८ सालीं नव्या गायकासह तिसरा आलाच.

त्या पालकांना मी पुन्हां भेटणार आहें. "दार उघड" असा हुकूम करण्याऐवजीं, "तुझ्या चालींत कोणाची जागा रिकामी आहे?" असें त्यांनीं मुलास विचारावें. आमच्याच वर्गांत एका पावरी वाजविणाऱ्याचा नातू बसतो. येत्या संमेलनांत दोघांना मिळून दहा मिनिटें, आणि सरावासाठीं शनिवारीं दुपारीं एक खोली, एवढी व्यवस्था करण्याचें मीं पत्करलें आहे.