अंमळ जास्त घाला!

मराठी स्वयंपाकघरात वजनमापांना कधी फारसा मान नव्हता. मीठ चवीपुरतं, हिंग चिमूटभर, तिखट ‘आपल्या अंदाजाने’ आणि पाणी ‘बेताचं’, एवढ्या भांडवलावर आपल्या आज्या-पणज्यांनी दोन-दोनशे पानांच्या पंगती उठवल्या. या अंदाजशास्त्राबद्दल मला नितांत आदर आहे. माझं भांडण आहे ते हेच शास्त्र होडीच्या तळाला लावणाऱ्या मंडळींशी. आणि तेही मार्च महिन्यात, मिशिगनमध्ये, नाकातून पाणी गळत असताना.

मिशिगन हे अमेरिकेतलं राज्य मोठमोठ्या सरोवरांच्या मधोमध वसलेलं आहे. सरोवर म्हटल्यावर सारसबागेतल्या गणपतीचं तळं डोळ्यांपुढे आणू नका. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा उठतात, वादळं होतात, असा गोड्या पाण्याचा समुद्रच तो. डेट्रॉइटच्या मोटारींच्या उद्योगापायी इथे पुष्कळ मराठी मंडळी येऊन राहिली. त्यांतली बहुतेक नाटक, गणपती आणि दिवाळी अंक यांत सुखी आहेत. पण दर शंभरात एखाद्याला होडीचं वेड लागतंच, आणि मग तो उरलेल्या नव्व्याण्णवांना शनिवारी होडीत बसायला बोलावू लागतो.

ऑक्टोबर आला की इथल्या होड्या पाण्याबाहेर काढतात, लोखंडी घोड्यांवर चढवतात आणि पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवतात. मे महिन्यात पुन्हा पाण्यात. मधल्या सहा-सात महिन्यांत होडीवाल्याला दुरुस्तीखेरीज काम नसतं आणि हवा नेमकी दुरुस्तीखेरीज सगळं करू देते. मग मार्चमध्ये एखाद्या दिवशी ऊन पडतं. पारा पंचेचाळीसवर जातो. पंचेचाळीस फॅरनहाइट बरं का, म्हणजे आपले सात! तेवढ्यावर होडीवाल्याला वसंत आल्याचा भास होतो, आणि तो एका हातात रेझिनचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश घेऊन आवारात अवतीर्ण होतो.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि त्यात मुरवलेलं रेझिन. कापड ताकद देतं, रेझिन त्याला धरून ठेवतं. १९४२ साली रे ग्रीन नावाच्या गृहस्थाने ओहायोतल्या टोलेडो गावी काच आणि पॉलिएस्टर रेझिन यांची होडी बांधली. टोलेडो आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. म्हणजे ही विद्या याच थंड मुलखात वाढलेली आहे. ती थंडीला मुळीच घाबरत नाही. तिची अट एवढीच की काम करणाऱ्याने डब्यावरची चिठ्ठी वाचावी. तिथेच आमचं घोडं पेंड खातं.

सगळ्या घोटाळ्याचं मूळ एका क्रियापदात आहे. आम्ही विचारतो, “काय हो, रेझिन वाळलं का?” अहो, वाळतात ती धुणी! वाळतात ते पापड! रंगही वाळतो, कारण त्यातलं पातळ द्रव्य उडून जातं. रेझिन वाळत नाही, ते लागतं; दही लागतं तसं. हे इतकं नेमकं क्रियापद मराठीत तयार असताना आम्ही ‘वाळणं’ का धरून बसलो, ते कळत नाही. एकदा ‘वाळणं’ म्हटलं की वारा दाखवणं आलं, वरून बोट लावून पाहणं आलं आणि ‘वरून कडक लागतंय की, चला’ हेही आलं.

आता दह्याचंच घ्या. थंडीच्या दिवसांत दही लागत नाही म्हणून माझी आजी भांडंभर विरजण ओतत नसे. दूध कोमट करी, बोट बुडवून त्याची धग बघे, आणि विरजण लावलेलं भांडं गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवी. कधी पिठाच्या डब्यात खुपशी. विरजण वाढवून दही आंबट होतं आणि ऊब दिली की ते लागतं, हे तिला ठाऊक होतं. तिने जन्मात होडी पाहिली नव्हती. पण आमच्या आवारातल्या इंजिनियर लोकांपेक्षा तिच्या हातचं ठिगळ मी डोळे मिटून पत्करलं असतं.

रेझिनं मुख्यतः दोन जातींची. पॉलिएस्टर हे खरोखरच विरजणाच्या जातीचं. त्यात कॅटॅलिस्ट घालायचा तो शंभर भागांना एक ते दोन भाग. थंडीत एकाचे दोन करायला हरकत नाही. पण आमचे लोक दोनाचे पाच करतात. जादा कॅटॅलिस्ट ठिगळातच राहून त्याला मऊ करतो, आणि डब्यात जाड थर असला तर तो असा तापतो की धूर निघतो. शिवाय हा कॅटॅलिस्ट डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. ज्या वस्तूचे थेंब चष्मा घालून मोजायचे, ती हे लोक आमटीवर फोडणी ओतावी तशी ओततात.

दुसरी जात एपॉक्सी. तिचं वागणं फुगडीसारखं. फुगडीला दोघी लागतात, आणि दोघींचे हात एकमेकींत गुंतावे लागतात. रेझिन आणि हार्डनर यांचे कण असे हातात हात घालून उभे राहतात तेव्हा ठिगळाला बळ येतं. डब्यावर पाचास एक लिहिलं असेल तर पाचास एकच. जादा हार्डनर घातला म्हणजे फुगडी लवकर सुरू होत नाही. जोडीदार न मिळालेल्या मुली मात्र मांडवभर रिकाम्या हिंडत राहतात. तशा त्या कायम हिंडतात, ठिगळ असेपर्यंत. घाई असेल तर थंडीसाठी लवकर लागणारा वेगळा हार्डनर मिळतो, तो आणावा. पण प्रमाण डब्यावर लिहिलेलंच ठेवावं.

हे मी आमच्या एका स्नेह्यांना सांगायला गेलो. गृहस्थ व्यवसायाने दातांचे डॉक्टर. दातात भरायचं तेही एक रेझिनच, आणि ते निळ्या दिव्याखाली सेकंद मोजून कडक करण्यात त्यांची हयात गेलेली. म्हटलं, यांना तरी पटेल.

“डॉक्टर, हार्डनर किती घातलात?”

“घातला अंमळ जास्त. थंडी आहे ना!”

“डब्यावर पाचास एक लिहिलंय.”

“अहो, ते उन्हाळ्याचं असणार. कंपनीवाले काय, लिहितात.”

“मग पेशंटच्या दातातही असंच अंमळ जास्त घालता का?”

“छे छे! तिथे माणसाचा प्रश्न असतो!”

जणू काही होडीतून ते बटाट्याची पोती नेणार होते. येत्या उन्हाळ्यात त्या होडीत त्यांची दोन नातवंडं बसायची होती, आणि ठिगळ होतं पाण्याच्या रेषेखाली, चांगलं हातभर.

बरं, डॉक्टर एकटे नाहीत. आवारात संप्रदायच आहेत. एक केस वाळवायच्या यंत्राचा. हे भक्त ठिगळावर दहा मिनिटं गरम वारा मारतात. वरची कातडी तापते, आतला तळ बर्फासारखाच, आणि यंत्र बंद केलं की सगळी ऊब तो तळ गिळून टाकतो. दुसरा संप्रदाय रॉकेलच्या शेगडीचा. प्लास्टिकचा तंबू ठोकून आत शेगडी पेटवायची. तंबूत उकडायला लागतं, मालक खूश. पण रॉकेल जळताना वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि थंडीतलं एपॉक्सी नेमक्या या दोघांशी संगनमत करून अंगावर मेणासारखा चिकट थर आणतं. त्या थरावर दुसरा थर चढवला की तो तुपकट ताटाला चिकटपट्टी लावल्यासारखा बसतो. हा मेणचटपणा साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने दोन मिनिटांत निघतो. पण भांडी घासणं हे ज्यांनी घरी कधी केलं नाही ते होडीवर कुठून करणार! ते थेट सँडपेपर चालवतात आणि ते मेण आणखी आत घोळवतात.

मागल्या मे महिन्यात आमच्या शेजारची होडी पट्ट्यांवर उचलली, आणि पट्टा सरकताच तिच्या पोटावरचं मार्चमधलं ठिगळ वरच्या थरासकट पापडीसारखं सुटून खाली पडलं. मालक म्हणाला, “बॅड लक.” मी म्हणतो, याहून चांगलं नशीब कुणाचं असेल? ते जमिनीवर सुटलं. काठापासून दोन मैलांवर सुटलं असतं तर? मे महिन्यात इथली हवा सुखाची असते, पाणी मात्र अजून हिवाळ्यातच असतं. दहा अंश सेल्सियसच्या पाण्यात पडलेल्या माणसाची बोटं दहा-पंधरा मिनिटांत कामातून जातात. मग दोरी समोर असून धरता येत नाही. थंडीत ‘अंमळ जास्त’ घालणाऱ्याला हा हिशेब दिसत नाही, कारण ठिगळ लावताना तो कोरड्या जमिनीवर उभा असतो.

आणि अर्धवट लागलेल्या ठिगळाचा दुष्टपणा असा की ते दिसतं झकास. त्यावर रंग चढतो, तकाकी येते, लोक पाठ थोपटतात. अंगठ्याचं नख दाबून पाहिलं तर खूण उमटते. पण दाबतो कोण? न लागलेलं दही कळतं तरी, वाटी कलती केली की सांडतं. हे सांडायला मे महिन्याची वाट बघतं. शिवाय ते नंतर सुधारत नाही. पॉलिएस्टर थंडीत अडकून पडलं की त्यातलं स्टायरिन उडून जातं. पुढे उन्हाळा आला तरी गेलेलं परत येत नाही. मग एकच इलाज, सगळं खरवडून काढा आणि पहिल्यापासून सुरू करा.

यावर हमखास उत्तर येतं, “तुमचं खरं हो, पण मेपर्यंत थांबायचं का?” कोण सांगतंय थांबायला? थंडीत करण्यासारखी कामं ढीगभर आहेत. खराब झालेलं फायबर कापायचं. भेगेच्या कडा घासून लांब उतार करायचा, जाडी एक तर उतार बारा. आतली ओल निघून जाऊ द्यायची. कापडाचे तुकडे कापून ठेवायचे. दुरुस्तीतलं तीन-चतुर्थांश काम हेच असतं, आणि ते स्वेटर घालून करता येतं. रेझिनचा दिवस मात्र ठरवून, तयारीनिशी. डबे आदल्या रात्री घरात आणावेत. थंड रेझिन काकवीसारखं दाट होतं, पंपातून मापात पडत नाही, कापडात मुरत नाही आणि बुडबुडे धरून ठेवतं. त्यात मधासारखे खडे धरले असतील तर ते गरम पाण्यात डबा ठेवून विरघळवावेत. तंबूत विजेची शेगडी लावावी, वाफ बाहेर जायला वाट ठेवावी, आणि तापमान बघावं ते हवेचं बघण्याऐवजी तळाचं, हात लावून आणि थर्मामीटर लावून, दोन्ही बाजूंनी. हवा दहा मिनिटांत तापते, तळाला अर्धा दिवस लागतो. रेझिनचं साधं गणित असं की दहा अंश सेल्सियस उतरले की लागायचा वेळ साधारण दुप्पट. एका टप्प्याखाली तर ते लागायचं सोडून नुसतं झोपतं. तेव्हा ठिगळ लावून झालं की गोधडी काढायची घाई नको. विजेचं बिल येईल, पण ते नव्या होडीपेक्षा कमीच येईल.

हे काही माझ्या पदरचं तत्त्वज्ञान नाही. होड्यांसाठी एपॉक्सी नावारूपाला आणणारे गूजॉन बंधू याच मिशिगनमधल्या बे सिटीचे. ते गोठलेल्या सरोवरांवर धावणाऱ्या शिडाच्या बर्फहोड्या बांधत. म्हणजे थंडी त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. त्यांनी थंडीवर उपाय काढला तो ऊब देण्याचा आणि मोजून घालण्याचा. ‘अंमळ जास्त’ हा शब्द त्यांनाही सुचला नाही, आणि माझ्या आजीलाही.

आमच्या बाजूने एक सवलत मी देतो. हा अंदाज आपण घरून आणलेला आहे. रत्नागिरीच्या एप्रिलमध्ये रेझिनचा डबा हातातल्या हातात तापून दगड होतो. तिथे कमी घाला, पटापट लावा, हेच शहाणपण. ते शहाणपण विमानात बसवून इथे आणलं की उलटं करून वापरावंसं वाटतं: तिथे कमी, तर इथे जास्त! पण रेझिनला देश कळत नाही, अंश कळतात.

डॉक्टरांना मी शेवटी स्पष्ट सांगितलं, “ठिगळ काढून नव्याने लावाल, तर पहिल्या शनिवारी मी श्रीखंड घेऊन येतो. नाही लावलंत, तर मीही येणार नाही आणि तुमच्या नातवंडांनाही येऊ नका म्हणून सांगेन.” ते रागावले आहेत. रागावू देत. राग उन्हाळ्यापर्यंत उतरतो. दही बिघडलं तर माणूस त्याची कढी करतो, आणि पाहुण्यांना ती आवडतेसुद्धा. होडीच्या ठिगळाची कढी होत नाही.