विश्लेषण : गाडी चोरीला गेली, विमाही आहे… मग दावा कागदांवरच का अडतो?

समजा, साताऱ्यातील ओळखीच्या माणसाची सहा वर्षे जुनी मोटार पुण्यातील एका कुटुंबाने विकत घेतली. पैसे बँकेतून दिले, आरटीओत नाव लागले, नवी आरसी पोस्टाने घरी आली. विमा मात्र ‘अजून सात महिने चालू आहे, नूतनीकरणाच्या वेळी बघू’ म्हणून जुन्या मालकाच्याच नावावर राहिला. चौथ्या महिन्यात गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेरून चोरीला गेली. पोलिसांत तक्रार झाली, विमा कंपनीला फोन झाला आणि तिकडून पहिलाच प्रश्न आला, पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?

बंपर फुटल्याच्या दाव्यात प्रश्न काही हजारांचा असतो. चोरीत गाडीची विमाघोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, जवळपास पूर्ण द्यावी लागते. त्यामुळे कंपनी एकेक कागद तपासते. त्यात सर्वाधिक अडचण होते ती मालकीच्या कागदांची.

मालक कोण, हे कसे ठरते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार, ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. (कर्जावरील वाहनाच्या बाबतीत ज्याच्याकडे करारानुसार ताबा आहे तो.) स्टॅम्पपेपरवरचा करार, एजंटाची डिलिव्हरी नोट, व्हॉट्सअॅपवरचे ‘पैसे मिळाले’ हे व्यवहाराचे पुरावे झाले. त्यांनी आरसीवरचे नाव बदलत नाही.

कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, त्यासाठी फॉर्म २९ आहे. विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावासाठी अर्ज करायचा, तो फॉर्म ३०. प्रत्यक्षात दोन्ही फॉर्मवर सह्या होऊन ते एजंटाच्या बॅगेत महिनोन् महिने पडून राहतात, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरलेल्या कोणालाही ठाऊक असते.

आरसी नवी, पॉलिसी जुनी असेल तर?

सर्वात धोकादायक स्थिती हीच. कलम १५७ म्हणते की गाडी हस्तांतरित झाली की विम्याचे प्रमाणपत्रही नव्या मालकाकडे गेले असे मानले जाईल. हे वाचून अनेकजण निर्धास्त होतात. पण ही तरतूद ‘थर्ड पार्टी’ विम्यापुरती आहे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर. स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी हा भाग पॉलिसीधारक आणि कंपनी यांच्यातील करार आहे आणि तो आपोआप दुसऱ्याच्या नावावर जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ प्रकरणात नव्वदच्या दशकातच हे स्पष्ट केले. तिथेही आरसीवर नाव बदलले होते, पॉलिसीवर नव्हते.

मग चोरीच्या दिवशी विमा नेमका कोणाचा? जुन्या मालकाचा गाडीशी संबंध संपलेला, त्यामुळे त्याचे नुकसान काहीच नाही. नव्या मालकाचे नुकसान झालेले, पण त्याचा कंपनीशी करार नाही. हप्ता पूर्ण भरलेला असतो, पॉलिसीची मुदत चालू असते आणि दावा मात्र कोणालाच करता येत नाही. हे टाळण्यासाठी नव्या मालकाने हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे त्या सवलतीचा फरक भरावा लागतो. हा फरक वाचवायच्या नादातच बरेचजण पॉलिसी तशीच ठेवतात.

आणि दोन्ही कागद जुन्याच नावावर असतील तर?

इथे उलटेच घडते. ‘सुरेंद्र कुमार भिलावे विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स’ या खटल्यात ट्रक विकल्याचा कागद झाला होता, पण आरटीओत नाव बदलले नव्हते आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे ना हरकत प्रमाणपत्रही घेतलेले नव्हते. नंतर अपघात झाला. ट्रक विकून टाकला आहे, सबब दावा नामंजूर, असे कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते फेटाळले. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक आणि पैसे त्यालाच, असा निर्णय दिला. प्रकरण अपघाताचे होते. मालकीचा प्रश्न चोरीतही तोच येतो.

खरेदीदाराला मात्र यात फारसा दिलासा नाही. पैसे जुन्या मालकाच्या खात्यात येणार; ते पुढे मिळणे त्याच्या भलेपणावर. आणि जुना मालकही सुटत नाही. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात (२०१८) गाडी एकामागून एक हातांत गेली होती, तरी अपघाताची भरपाई आरसीवरील मालकावरच आली.

कंपनी सही केलेले फॉर्म का मागते?

दावा मंजूर होत आला की कंपनी फॉर्म २८, २९ आणि ३० सह्या करून मागते. सोबत मूळ आरसी, गाडीच्या दोन्ही किल्ल्या, हमीपत्र आणि ‘सब्रोगेशन’ पत्र. गाडीच हातात नाही, मग ती विकल्यासारखे फॉर्म कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कारण सरळ आहे. पैसे दिल्यावर त्या गाडीवरचा हक्क कंपनीकडे जातो. उद्या पोलिसांना ती सापडली, तर कंपनीला ती ताब्यात घेऊन विकता आली पाहिजे. म्हणून दावा निकाली निघाल्यानंतर पोलीस ठाण्यातून ‘गाडी मिळाली’ असा फोन आला, तर परस्पर ती घेऊन येऊ नये, कंपनीला कळवावे.

फॉर्म देताना त्यावर तारीख टाकावी, दावा क्रमांक लिहावा, कंपनीची पोच घ्यावी आणि प्रत्येक पानाचा फोटो ठेवावा. चोरीची लेखी माहिती एफआयआरच्या प्रतीसह आरटीओलाही द्यावी. हे काम बहुतेकांकडून राहते. आरसीवर नाव असेपर्यंत त्या क्रमांकाचे ई-चलन आणि पोलिसांची चौकशी आपल्याकडेच येणार. तेव्हा आरटीओची पोच दाखवता येते.

मूळ आरसी गाडीच्या डॅशबोर्डमध्येच होती, असेही घडते. मग तिचा उल्लेख एफआयआरमध्ये करून घ्यावा, दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ भरावा लागतो. रस्त्यावर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरील आरसी चालते, त्यामुळे मूळ प्रत गाडीत ठेवण्याची गरज राहिलेली नाही.

बँकेचे नाव आणि वडिलांची गाडी

कर्ज चालू असेल तर भरपाई आधी बँकेकडे जाते, उरलेली मालकाला मिळते. आयडीव्हीपेक्षा थकबाकी जास्त निघाली तर फरक खिशातून. चोरीनंतर हप्ते थांबत नाहीत, हेही अनेकांना नोटीस आल्यावरच कळते. याहून चीड आणणारा प्रकार म्हणजे कर्ज कधीच फिटलेले, पण फॉर्म ३५ देऊन आरसीवरील बँकेचा बोजा उतरवलेला नाही. बँकेचे जुने पत्र कपाटात सापडते, पण त्याची मुदत उलटलेली असते. मग नव्या पत्रासाठी पुन्हा शाखेच्या चकरा.

गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवणे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ ने नाव लावणे अपेक्षित आहे. पॉलिसीही मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातले जे आधी येईल तोपर्यंतच चालते. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशन करता येते, त्याने वारसाची धावपळ कमी होते.

पोलिसांचा कोणता कागद लागतो?

एफआयआर तर लागतेच. पण दावा खरा रेंगाळतो तो अंतिम अहवालासाठी. गुन्हा खरा आहे, पण तपास लागत नाही, या अहवालाला महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणतात. त्यावर दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. यात काही महिने सहज जातात. कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारला गेला असेल, तर २०२० च्या ‘गुरशिंदर सिंग’ निकालाचा आधार आहे. एफआयआर ताबडतोब नोंदवली असेल, तर केवळ कंपनीला कळवण्यातील उशीर हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले आहे. मात्र तात्पुरती नोंदणी संपूनही गाडी वापरणाऱ्याचा चोरीचा दावा त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये (सुशील कुमार गोदारा प्रकरण) नाकारला.

दावा नाकारला तर दाद कुठे?

नकार लेखी घ्यावा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे जायचे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. राज्यात मुंबई आणि पुण्यात ही कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. त्यासाठी कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते. ग्राहक आयोगाकडे जायचे असल्यास दोन वर्षे मिळतात.