आर्किटेक्ट व्हायचंय? मग आधी स्वतःचं घर मोजा

मंडळी, आमच्या नात्यात दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी मूल "मला आर्किटेक्ट व्हायचंय" म्हणतं आणि मग फोन सुरू होतात. यंदाची उमेदवार नववीतच आहे. भाचीची मुलगी. एका क्लासवाल्यांनी तिच्या आईवडिलांना आतापासून बारावीपर्यंतचं पॅकेज सांगितलंय. वर सल्लाही दिलाय, की शाळेतली चित्रकला, इंटरमिजिएट वगैरे आता बंद करा, सुट्टीत गावाला जाणंही बंद. भाची विचारते, "मावशी, तुझं काय मत?" फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही आणि प्रश्न काही तिच्या एकटीचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मत एका वाक्यात सांगायचं तर, ज्या दोन गोष्टी बंद करायला सांगितल्या आहेत, नेमक्या त्याच आर्किटेक्ट होण्याची खरी तयारी आहेत.

आधी नियमांचं बघू, कारण तिथे चूक झाली तर बाकीचं सगळं फुकट जातं. आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची. १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. प्रवेशासाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. म्हणजे चित्रकला चांगली आहे म्हणून अकरावीला आर्ट्स घेतलं किंवा जीवशास्त्र घेऊन गणित सोडलं, की हे दार बंद. दहावीनंतर गणित असलेला तीन वर्षांचा डिप्लोमा करून येण्याचा दुसरा रस्ता आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. शिवाय प्रवेश परीक्षा. 'नाटा' ही परीक्षा २००६ पासून आहे, दुसरी जेईई मेनमधली आर्किटेक्चरची वेगळी प्रश्नपत्रिका. दोन्हींत हाताने चित्र काढावं लागतं. आपल्या राज्यात प्रवेशाच्या यादीसाठी बारावीचे गुणही धरतात. तेव्हा बारावीचा अभ्यास करायचाच, त्याबद्दल वाद नाही.

माझा वाद आहे तो नववी-दहावीच्या वर्षांबद्दल.

या व्यवसायाबद्दल आपल्याकडे दोन समज फार घट्ट आहेत. पहिला, ज्याचं चित्र सुंदर तो आर्किटेक्ट. दुसरा, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही तर आर्किटेक्चर. दुसऱ्याबद्दल काय बोलायचं! पहिला मात्र अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवतो. आर्किटेक्टचं चित्र भिंतीवर लावण्यासाठी नसतं. त्यावरून गवंड्याने वीट लावायची असते आणि त्या भिंतीआड कुणीतरी चाळीस वर्षं राहायचं असतं. त्यामुळे हात वळण्याआधी डोळा तयार व्हावा लागतो. माणसं घरात कशी वावरतात हे पाहायची सवय अठराव्या वर्षी एकाएकी लागत नाही.

बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, १९२७ साली. घरी पिढीजात फर्निचरचा व्यवसाय. म्हणजे लाकूड, सांधा, माप या गोष्टी लहानपणापासून डोळ्यांसमोर. त्यांना आर्किटेक्चर नावाचं काही असतं हे दाखवलं ते शाळेतल्या एका शिक्षकांनी. (हे वाचून मला किती बरं वाटलं असेल ते आम्हा मास्तर मंडळींनाच कळेल!) १९४७ साली ते मुंबईला जे.जे.मध्ये गेले, पुढे पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केलं आणि २०१८ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, भारतात पहिल्यांदाच. २०२३ मध्ये ते गेले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरिबांना पूर्ण घर न देता घराचा गाभा दिला. जोतं, संडास-न्हाणी, एखादी खोली. बाकीचं कुटुंबाने पैसे साठतील तसं वाढवायचं. कुटुंब वाढतं तसं घर वाढतं, हे ज्याने पाहिलेलं असतं त्यालाच असं सुचतं.

अच्युत कानविंदे हे दुसरं नाव. जन्म १९१६ चा, कोकणातल्या आचऱ्याचा. वडील चित्रकलेचे शिक्षक. जे.जे.तून हार्वर्डला गेले आणि परत येऊन आयआयटी कानपूरच्या इमारती उभ्या केल्या. पुण्याची 'आयुका' ज्यांनी बांधली ते चार्ल्स कोरिया लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे नकाशे काढत बसायचे. सुताराचा कारखाना, चित्रं काढणारे वडील, खेळण्यातले रूळ. यातलं एकही पॅकेजमध्ये मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या वेळी नाटा नव्हती. कबूल. पण परीक्षेतलं चित्र तरी काय तपासतं? प्रमाण कळतं का, न पाहता आठवून काढता येतं का, मोकळ्या जागेत आकार नीट मांडता येतात का. आपल्या राज्यातल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. म्हणजे नाटाचा पाया शाळेतच घालून ठेवलेला आहे. त्यावर "वेळ जातो" म्हणून काट मारायची आणि तेच पुढे पैसे मोजून शिकायचं, हा हिशेब काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

आता सुट्टीचं. माझं म्हणणं, त्या मुलीला गावाला जरूर पाठवा आणि सोबत एक मोजपट्टी, वही आणि पेन्सिल द्या. गावचं घर मोजून त्याचा नकाशा काढू दे. एक मीटरला दोन सेंटिमीटर धरलं की प्रमाण झालं एकास पन्नास. प्रमाण आणि भूमिती काय असते हे मग पुस्तकाबाहेर कळतं. ओटी, पडवी, माजघर, न्हाणी, प्रत्येकाची लांबी-रुंदी. जिन्याची पायरी मोज म्हणावं. साधारण सहा-सात इंच उंची आणि दहा-अकरा इंच रुंदी असेल तर पाय आपोआप पडतो, आणि याच्या बाहेर गेलं की आजी कठड्याला का धरते ते समजतं. छपराचा उतार किती, पागोळ्या कुठे पडतात, चिऱ्याची भिंत आतून गार का लागते. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते, आणि पुढे काही आठवडे दुपारचं ऊन थोडं उत्तरेकडून येतं. ही सावली तिने अंगणात काठी रोवून वहीत नोंदवली, तर खिडकी कुठे ठेवायची हा धडा तिला आयुष्यभर पुरेल.

आणि विचारायला शीक म्हणावं. गवंड्याला विचार, सुताराला विचार, पण आधी घरातल्या बाईला विचार की ओट्याची उंची तुला बरोबर पडते का. आयुष्यभर वाकून वाकून पाठ गेलेल्या किती बायका मी पाहिल्या, त्यांना हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. एका नव्या इमारतीत मी अलीकडे गेले होते. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला, पण इतका उभा की धडधाकट माणूसही जपून चढेल. एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी हवी, हा हिशेब सातवीच्या मुलालाही येतो. नकाशावर उतार दाखवला की काम झालं, असंच कुणाला तरी वाटलं असणार. गणित येत होतं, खुर्चीतला माणूस दिसला नव्हता. माझी सगळी तळमळ एवढ्यासाठीच आहे.

पैशाचंही स्पष्ट बोललेलं बरं. खाजगी महाविद्यालयांची फी वर्षाला लाखाच्या घरात किंवा पुढेही जाते, कागद, मॉडेलचं सामान, संगणक हे वेगळंच. रात्र-रात्र जागणं आहे. आणि पाच वर्षांनी हातात येणारा पहिला पगार बरोबरीच्या इंजिनिअर भावंडांपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो. हे मुलीला आत्ताच सांगा. घाबरवायला म्हणून नाही, तर हे माहीत असूनही तिला हेच करायचं आहे का, हे तिचं तिला कळावं म्हणून. एखाद्या ओळखीच्या आर्किटेक्टकडे चार दिवस नुसतं बसायला, चालू बांधकामावर त्यांच्याबरोबर जायला मिळालं, तर त्या पॅकेजपेक्षा जास्त उलगडा होईल.

क्लास लावूच नका असं मी म्हणत नाही. परीक्षेचं तंत्र असतं, वेळेचा सराव लागतो. तो अकरावीच्या शेवटी सुरू केला तरी माझ्या मते पुरे. तोवर डोळे, पाय आणि मोजपट्टी.

आणि समजा दोन वर्षांनी तिचं मन बदललं, ती वकील झाली नाहीतर बँकेत लागली? काही बिघडत नाही. स्वतःच्या घराचा नकाशा वाचता येणारा आणि बिल्डरला नेमका प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्या घराण्यात वाढेल. त्याची गरज आपल्याला आर्किटेक्टइतकीच आहे!

असो. नेहमीप्रमाणे लांबलं. तुमच्यापैकी कुणी या व्यवसायात असेल किंवा कुणाची मुलं शिकत असतील, तर माझ्या म्हणण्यात काय राहिलं ते जरूर लिहा. भाची वाचणार आहे.