रिपोर्ट कुणाचा?



हा अंक तुमच्या हाती तीन आठवडे उशिरा पडतो आहे. त्याबद्दल दिलगिरी आहेच, पण कारणही सांगायला हवं. माझी आई आजारी आहे. आजार कोणता, ते हे लिहीत असतानाही आम्हाला नक्की माहीत नाही.

चार महिने ती वहिनीला म्हणत होती, पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत जेवण सरतं. तेही तक्रार म्हणून नव्हे, भाजी निवडताना सहज. मग ओवा झाला, हिंग झाला, गॅसच्या गोळ्या झाल्या. परकराची नाडी पुरेना तेव्हा वहिनीच तिला सोनोग्राफीला घेऊन गेली. पोटात पाणी आणि अंडाशयाच्या बाजूला गाठीसारखं काहीतरी दिसलं. रक्ताची सीए-१२५ ही तपासणी पस्तीसच्या आत हवी, ती चारशेच्या वर निघाली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराला नाव उरलं नाही. ‘ते’ असं म्हणायला लागलो.

आठवड्याने दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्या म्हणाल्या, घाई करू नका. आपल्या देशात पोटाचा टीबीही नेमका असाच दिसतो. पोटात पाणी होतं, गाठ दिसते, वजन उतरतं, सीए-१२५ सुद्धा वाढतं. एकाचा इलाज म्हणजे सहा महिने गोळ्या. दुसऱ्याचा मोठं ऑपरेशन आणि केमोथेरपी. पोटातलं पाणी तपासलं, त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. पण सापडल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाहीच, असंही म्हणता येत नाही. दुर्बिणीतून तुकडा काढून पाहणं हाच मार्ग होता.

हे सारं आईला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “पेशंटला जरा बाहेर बसू द्या.” आणि ते दादाशी बोलू लागले. मी तिथंच होते. पंचवीस वर्षं शिबिरांतून ‘आपलं शरीर, आपला हक्क’ सांगत फिरणारी मी, गप्प बसले. बाहेर व्हरांड्यात पाच मिनिटांत आम्ही ठरवून टाकलं की आईला सांगायचं नाही. ती हबकेल, जेवण टाकेल. असं सगळ्याच घरांत म्हणतात.

खोटं चालवायलाही व्यवस्था लागते. फाइल कपाटावर गेली. फोन आला की गॅलरीत जायचं. मावशीला ताकीद दिली. नातवंडं खोलीत आली की बोलणं बदलायचं. एवढं करून पहिल्याच आठवड्यात आई प्रश्न विचारायची थांबली. ‘बरं झालं, विषय निघत नाही’ असं आम्हाला वाटलं, याची आज लाज वाटते. अठरा दिवस असे गेले.

एका रात्री अंधारात तिने विचारलं, “मला टाटाला नेणार का?”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? पोट माझं आहे.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या शिबिराला मी दोनदा आले होते. तेव्हा तू वेगळं सांगत होतीस.”

मग मी दिवा लावला आणि दोन्ही शक्यता तिच्यासमोर ठेवल्या. तिने पहिलं विचारलं ते हे, की टीबी असेल तर नातवाला लागेल का? डॉक्टरांकडून समजलेलं तिला सांगितलं. नुसता पोटाचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, फुप्फुसात असेल तर लागतो. तिची छाती तपासून झाली होती, ती स्वच्छ होती. मग खर्चाचं विचारलं. आणि मग ती खूप रडली. दोन रात्री झोपली नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण खरं सांगितलं की सगळं सोपं होतं असा समज मला पसरवायचा नाही. पण तिसऱ्या दिवशी तिने दादाला सांगितलं, “आता डॉक्टरकडे मी आत येणार.”

आपल्या गटातल्या काही जणींना १९९५ सालचं दिल्लीचं प्रकरण आठवत असेल. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई दुर्बिणीतून तपासणीसाठी दाखल झाली. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली गेली. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सज्ञान, जाणती बाई स्वतः निर्णय घेऊ शकत असताना दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, मग ती जन्मदात्या आईची का असेना. आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे. जीव वाचवण्यासाठी लगेच काही करणं भाग असेल, तेवढाच अपवाद. हा निकाल मी कितीदा तरी समजावून सांगितला आहे. आमच्या फॉर्मवरही ‘गरज पडल्यास पुढील शस्त्रक्रिया’ अशी ओळ होती, आणि दादाने पेन काढलं होतं. आईने चष्मा मागितला. ओळ वाचून घेतली, डॉक्टरांना अर्थ विचारला, ‘फक्त तपासणीसाठी’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. डॉक्टरांनी खळखळ केली नाही. आम्हीच त्यांच्या वतीने घाबरलो होतो.

काही बायका म्हणतात, मला काही सांगू नका, मुलाशी बोला. तोही त्यांचा हक्क आहे. पण तसं त्या बाईने स्वतः म्हणायला हवं. तिच्या वतीने व्हरांड्यात ठरवायला नको.

आणखी एक. बिलाच्या खिडकीशी आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये दादा होता. भांडं द्यायला, कपडे धुवायला, रात्री उशाशी बसायला वहिनी आणि मी. वहिनीचं शिवणकाम दीड महिना बंद आहे. ते बंद ठेवायचं का, हे तिला कुणी विचारलंही नाही. आईने किती खाल्लं, पोट कधी जास्त दुखतं, हे सगळ्यात जास्त तिलाच माहीत, आणि केबिनमध्ये तिला एकदाही बोलावलं गेलं नाही. ज्या घरात पेशंट बाईला बाहेर बसवतात, तिथे तिची सेवा करणारी बाईही बाहेरच बसते.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना मिळतो. आजार कोणता हे कळेपर्यंतच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, एसटीचे हेलपाटे खिशातूनच जातात. बाईचं दुखणं अंगावर काढलं जातं त्याला हेही एक कारण आहे. गटांनी त्यावर बोलायला हवं.

तुकड्याचा पहिला रिपोर्ट आला, त्यात ‘निश्चित निदान करता येत नाही’ असं होतं. स्लाइड आणि ब्लॉक मागितले तर मिळतात, ते दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवता येतात, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. ते आता मोठ्या हॉस्पिटलात दिले आहेत. वाट पाहतो आहोत. आई दुपारी भाजी निवडते, मध्येच हात थांबतो, मग पुन्हा निवडते.

रिपोर्ट गुरुवारी मिळायचा आहे. तो इंग्रजीत असणार. पाकीट तिच्यासमोर फोडायचं आणि एकेक ओळ मराठीत सांगायची, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. दादाला हे अजून पटलेलं नाही.

— संपादक