विश्लेषण : ‘परग्रहावर जीवसृष्टी’च्या बातमीतील ‘तीन सिग्मा’ म्हणजे काय?

एप्रिल २०२५मध्ये एक बातमी मोबाइलवर धडाधड फॉरवर्ड झाली : १२४ प्रकाशवर्षे दूरच्या ‘के२-१८बी’ या ग्रहावर जीवसृष्टीचे संकेत. केंब्रिज विद्यापीठातील या संशोधनाचे प्रमुख निक्कू मधुसूदन. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण वाराणसीत झाल्याने आपल्याकडे मथळे आणखी मोठे झाले. ‘तीन सिग्मा’ हे शब्द मात्र त्या मथळ्यांत नव्हते. खरे तर बातमीचे सगळे वजन त्यातच होते.

दावा नेमका काय होता?

सिंह तारकासमूहातील एका लाल खुज्या ताऱ्याभोवती हा ग्रह ३३ दिवसांत फेरी मारतो. त्याचा व्यास पृथ्वीच्या २.६ पट आहे. त्याचे छायाचित्र कोणाकडेही नाही. बातम्यांसोबत दिसणारा निळा गोळा चित्रकाराच्या कल्पनेतला. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश जेमतेम ०.३ टक्के घटतो. त्यातही ग्रहाच्या कडेच्या वातावरणातून गाळून येणारा प्रकाश अगदीच नगण्य. कोणता वायू प्रकाशाचा कोणता भाग शोषतो, हे ‘जेम्स वेब’ दुर्बीण त्यातून टिपते. २०२३मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. २०२५चा दावा डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या एका वायूचा होता. पृथ्वीवर हा वायू प्रामुख्याने समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून येतो.

मग तीन सिग्मा?

मोजमापात काही ना काही गोंधळ असतोच. निव्वळ त्या गोंधळामुळे असा संकेत दिसण्याची शक्यता ०.३ टक्के, हा तीन सिग्माचा अर्थ. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडावा, जवळपास तितकी. ऐकायला दुर्मीळ, पण शंभर-दोनशे जण नाणे उडवत बसले तर कोणाला तरी तो पडेलच. म्हणून शोध मानण्यासाठी शास्त्रज्ञ पाच सिग्मा मागतात, म्हणजे सलग वीस-एकवीस छापे. ‘जीवसृष्टी असण्याची ९९.७ टक्के खात्री’ असा जो अर्थ अनेक ठिकाणी छापला गेला, तो साफ चूक. जीवसृष्टी तर दूरच, ती खात्री त्या वायूचीही नव्हती. पाच सिग्मासाठी ‘वेब’ची आणखी १६ ते २४ तासांची निरीक्षणे लागतील, हे केंब्रिजच्या गटानेच सांगितले होते.

‘वेब’ची निरीक्षणे इतरांनाही तपासता येतात. ती तपासली गेली. ऑक्सफर्डमधील एका विश्लेषणात तोच आलेख सपाट रेषेपेक्षा वेगळा ठरला नाही. अन्य एका गटाला प्रोपाइनसारखे वेगळे वायूही त्यात तितकेच चपखल बसताना दिसले. शिवाय डायमिथाइल सल्फाइड ‘६७पी’ या धूमकेतूवरही सापडले आहे. तिथे समुद्र नाही, जीवाणू नाहीत. दावा करणाऱ्या गटाने काही लपवले नव्हते. घाई मथळे देणाऱ्यांची होती आणि त्यात आमच्यासारखे डिजिटल डेस्कही आले.

चुकीचा दावा मागे कसा घ्यायचा?

बाह्यग्रहांच्या, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या, शोधात याचे उत्तम उदाहरण आहे. १९९१मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी एका पल्सारभोवती ग्रह सापडल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले. त्याची फेरी सहा महिन्यांची. हा आकडाच संशयास्पद होता, कारण तो पृथ्वीच्या वर्षाच्या बरोबर निम्मा. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही, याचा हिशेब नीट धरला गेला नव्हता. ग्रह अस्तित्वातच नव्हता. जानेवारी १९९२मध्ये अटलांटातील परिषदेत लाइन यांनी शेकडो शास्त्रज्ञांसमोर ही चूक सांगितली. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच महिन्यात अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांचा दुसऱ्या एका पल्सारभोवतीच्या ग्रहांविषयीचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. ते ग्रह आजही बाह्यग्रहांच्या यादीत आहेत.