वर्षाची आवडती कॅसेट

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर गेलो की माझे पाय आधी गाण्यांच्या स्टॉलकडे वळत. नव्या कॅसेटी घेऊन घाटकोपरला परतायचे आणि मग वर्षअखेरीपर्यंत घरात वाद, यंदाची उत्तम कॅसेट कोणती? आईचे मत ठरलेले, प्रल्हाद शिंदे. मी विठ्ठल उमपांचा. वामनदादा कर्डकांची गाणी तर कोणीही गायली तरी आवडायची. २००४ साली वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघेही गेले, त्या वर्षी वाद झालाच नाही.

आता कॅसेट गेली, सीडीही गेली. नव्या गाण्यांत दणका एवढा की शब्द बुडतात. (मुलगी म्हणते, बाबा, तुमचे कान म्हातारे झाले!)

यंदा माझा पहिला क्रमांक अशा आवाजाला, ज्याची कॅसेट माझ्या कपाटात नाही. मुलुंडचे शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसे गेली. चार दिवसांनी शाहिरांनी स्वतःला संपवले. आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचे गाणे टिपले होते, म्हणून तो आवाज आज ऐकता येतो. पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवातही त्यांच्यापासूनच झाली.

वाचकहो, माळ्यावर जयंतीच्या कार्यक्रमांच्या टेप असतील तर बुरशी लागण्याआधी उतरवून घ्या. आमच्या दोन वाया गेल्या. तिसरी मुलीने गेल्या रविवारी मोबाइलमध्ये घेतली. खरखर फार आहे, पण ढोलकी स्वच्छ वाजते.